बेल एअर हवेवर बसवताना: १९५७च्या शेव्हरोलेसाठी एअर सस्पेन्शन घडवण्याची पद्धत

एअर सस्पेन्शन करायचं म्हटलं की पहिले प्रश्न ठरलेले असतात: कॉम्प्रेसर कोणता, व्हॉल्व्ह कोणते, बॅगा कुठल्या कंपनीच्या? खरं तर हे सगळं शेवटी येतं. बॅग म्हणजे हवेने फुगणारी रबरी पिशवी, फक्त स्प्रिंग. ती गाडीचं वजन पेलते, पण चाकाला जागेवर धरून ठेवत नाही. वेगात गाडी सरळ धावेल की नाही, ब्रेक मारल्यावर ओढेल की नाही, टायर एका बाजूने झिजतील की नाही, हे चाकाला गाडीशी जोडणारे लोखंडी हात, म्हणजे आर्म आणि लिंक, आणि त्यांच्या कोनांवर ठरतं. म्हणून या लेखात बॅगांपेक्षा लोखंडाबद्दल जास्त वाचायला मिळेल.

उदाहरणासाठी १९५७ची शेव्हरोले बेल एअर घेतली आहे. हिची चासी वेगळी आणि मजबूत आहे, व्हीलबेस ११५ इंच. पुढे दोन आर्मच्या मधे कॉइल स्प्रिंग, आणि त्या कॉइलच्या आतच शॉक ॲब्सॉर्बर. मागे अखंड ॲक्सल आणि चासी रेलच्या (चासीच्या लांबीच्या दांड्यांच्या) बाहेरच्या अंगाला लांब पाटे. शेव्हरोलेने १९५५मध्ये टॉर्क ट्यूब, म्हणजे शाफ्टभोवतीची ॲक्सलला धरणारी नळी, सोडून उघडा प्रोपेलर शाफ्ट घेतला, आणि तेव्हापासून ॲक्सलला पुढे ढकलण्याचं, मागे खेचण्याचं, पिळ पडू न देण्याचं काम पाट्यांवर आलं. मागचं सगळं फॅब्रिकेशन या एका गोष्टीतून निघतं. पाटे काढले की फक्त स्प्रिंग जात नाही, ॲक्सलला धरणारे हातही जातात.

हवेवर चालणारी गाडी अमेरिकेला तेव्हाही नवी नव्हती. १९५७च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅमला एअर सस्पेन्शन कारखान्यातूनच येत होतं, आणि १९५८मध्ये शेव्हरोलेने ‘लेव्हल एअर’ नावाने तो पर्याय दिला. दोन्हींची तक्रार गळतीची. कंटाळून अनेक मालकांनी साध्या कॉइल बसवून घेतल्या. आज रबर, नळ्या आणि जोड यांचा दर्जा बदलला आहे, म्हणून हे काम भरवशाने करता येतं.

भारतात अशी गाडी असणाऱ्यांनी मात्र हत्यार उचलण्याआधी थांबावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीकृत गाडीत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. शिवाय २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांपुढच्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते ती चासी आणि बॉडी मूळ स्वरूपात असेल तरच. रेल कापलेली बेल एअर त्या नोंदणीला मुकेल. पुढचा मजकूर अमेरिकेत राहून स्वतःच्या गॅरेजमध्ये असं काम काढणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. मापं इंच, पौंड आणि पीएसआयमध्येच (पौंड प्रति चौरस इंच) दिली आहेत, कारण तिथे पट्टीही तीच आणि बोल्टही तेच.

आधी वजन, मग हिशोब

चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून प्रत्येक कोपऱ्याचं वजन घ्या. टाकी अर्धी भरलेली, पुढच्या सीटवर दोन माणसं. असे काटे रेसिंगवाल्यांकडे भाड्याने मिळतात. व्ही-८ इंजिनाची बेल एअर माणसांसकट साडेतीन हजार पौंडांच्या आसपास भरते. समजा पुढच्या एका चाकावर ९४५ आणि मागच्या एका चाकावर ८०५ पौंड आले. यातून चाक, ब्रेक, ॲक्सल असं स्प्रिंगच्या खाली लटकणारं वजन वजा करा. पुढे साधारण १०० आणि मागे १७५ धरलं तर स्प्रिंगवर येणारा भार ८४५ आणि ६३० पौंड उरतो.

पुढची बॅग चाकावर बसत नाही. ती खालच्या आर्मवर, पिव्हट (आर्म चासीला जिथे फिरता जोडलेला असतो) आणि बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा) यांच्या मधे बसते. आर्मच्या पिव्हटपासून बॉल जॉइंटपर्यंतचं अंतर मोजा, मग पिव्हटपासून बॅगच्या मध्यापर्यंतचं. दुसऱ्याला पहिल्याने भागून ०.५५ आलं, तर बॅगवरचा भार ८४५ भागिले ०.५५, म्हणजे सुमारे १,५३५ पौंड. बॅगचं प्रभावी क्षेत्रफळ चालण्याच्या उंचीवर १८ चौरस इंच असेल, तर दाब लागेल ८५ पीएसआय. मागची बॅग थेट ॲक्सलवर बसवली तर ६३० भागिले १८, म्हणजे ३५ पीएसआय.

हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे येतील. प्रभावी क्षेत्रफळ बॅगच्या उंचीबरोबर बदलतं, त्यामुळे बनवणाऱ्या कंपनीचा उंची-दाब-भाराचा तक्ता समोर ठेवल्याशिवाय बॅग विकत घेऊ नका. पुढचा दाब शंभरच्या वर जात असेल तर बॅग लहान पडते आहे, गाडी दगडासारखी कडक चालेल. मागचा दाब पंचविसाच्या खाली येत असेल तर बॅग मोठी आहे. ती नीट फुगलेलीच राहणार नाही आणि गाडी डोलेल.

उंची ठरवा, तीही दोनदा

चाकं आणि टायर आधी घ्या. त्यांचा व्यास आणि ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते माप) हातात नसताना कंसाची, म्हणजे भाग जोडायच्या लोखंडी ब्रॅकेटची, एकही जागा ठरवता येत नाही. १९५७मध्ये शेव्हरोलेने १५ इंचांवरून १४ इंची चाकं आणली होती. आज लोक १७, १८ इंची बसवतात आणि मग फेंडरच्या आतल्या जागेचं सगळं गणित बदलतं.

दोन उंच्या हव्यात. एक चालण्याची, दुसरी पार्किंगमध्ये पूर्ण बसल्यावरची. माझं ठाम मत आहे की सगळी भूमिती पहिलीसाठी आखायची, आणि दुसरीसाठी फक्त जागा मोकळी करायची. प्रदर्शनात गाडी जमिनीला टेकलेली दिसावी म्हणून आर्मचे कोन त्या उंचीला जुळवले, तर रस्त्यावर ती गाडी कायम चुकीच्या कोनात धावते.

खालची मर्यादा सुतळीने काढा. एका चाकाच्या रिमच्या तळापासून समोरच्या टायरच्या जमिनीवरच्या टेकणीपर्यंत सुतळी ताणा, मग उलट बाजूने तसंच. चालण्याच्या उंचीवर सस्पेन्शनचा एकही भाग, बॅगेची खालची प्लेट, शॉकचा कंस, लिंकचा बोल्ट, या सुतळीच्या खाली येता कामा नये. धावताना टायर फुटला आणि रिम जमिनीला लागली, तर त्या क्षणी रस्त्याला फक्त रिमच लागली पाहिजे. कंस लागला तर स्टिअरिंग हातात राहणार नाही. कॅलिफोर्नियाने १९५०च्या दशकाच्या अखेरीस लोरायडर, म्हणजे मुद्दाम खाली बसवलेल्या, गाड्यांवर कायदा आणला तेव्हा रेषा इथेच ओढली होती, रिमच्या तळाला. सॅन बर्नार्डिनोच्या रॉन ॲगिरेने १९५९मध्ये आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक बसवले, बटण दाबून ती रेषेच्या वर उचलता यावी म्हणून. ती बंदी १ जानेवारी २०२४पासून उठली. कायदा गेला तरी रेषेमागचं कारण तसंच आहे.

पुढची बाजू

गाडी सपाट फरशीवर, चासीखाली भक्कम घोड्या (स्टँड) लावून उचला. कॉइल काढताना आर्मखाली जॅक ठेवा आणि कॉइलमधून साखळी ओवून चासीला बांधा. दाबलेली कॉइल सुटली तर हाड मोडते. इथे घाई नको.

कॉइलसोबत आतला शॉकही जातो. बॅग मधोमध बसणार, म्हणून शॉकला बाहेर नवी जागा लागते. खालच्या आर्मच्या पुढच्या किंवा मागच्या पायावर एक कंस आणि चासीवर दुसरा. शॉक जितका उभा तितकं चांगलं. फार तिरका केला तर त्याचा उपयोग निम्मा होतो. शॉकशिवाय बॅगवर गाडी चालवणारे लोक आहेत. तसं करू नका. हवा उसळी घेते, थांबवत नाही.

बॅगेची वरची टोपी क्रॉसमेंबरमधल्या (चासीच्या आडव्या दांड्यातल्या) कॉइलच्या खिशात बसते. खिसा थोडा कापून रुंद करावा लागतो, आणि जितकं कापाल तितकं ३/१६ इंच प्लेटने परत बांधावं लागतं. खालच्या आर्मवर १/४ इंचाची प्लेट. दोन्ही प्लेटा चालण्याच्या उंचीवर एकमेकींना समांतर आणि एकाच मध्यरेषेवर हव्यात. आर्म गोलाकार फिरतो, त्यामुळे वर-खाली जाताना त्या थोड्या तिरक्या होणारच. चालण्याच्या उंचीवर समांतर ठेवल्या की तिरकेपणा दोन्हीकडे वाटला जातो. पूर्ण फुगलेल्या बॅगेभोवती सगळीकडे किमान पाऊण इंच मोकळी जागा. कापलेल्या कडा ग्राइंडरने गोल करा, हात फिरवून पाहा. बॅग फुटते ती बहुतेक वेळा दाबाने नाही, घासून.

गाडी अजून खाली हवी असेल तर दोन इंच ड्रॉप स्पिंडल (स्पिंडल म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग) घ्या. ते चाकाचा मध्य स्पिंडलवर दोन इंच वर नेतात. त्यामुळे आर्म जमिनीला जवळजवळ समांतर राहतात, बॉल जॉइंट टोकाला ताणले जात नाहीत आणि बॅगही आपल्या मधल्या उंचीवर काम करते. बॅगेतली हवा कमी करून रोज खाली चालवण्यापेक्षा हा खर्च शंभर पटीने योग्य.

बंप स्टॉप विसरू नका. गाडी खाली येताना चाकाला रबरी स्टॉपवर थांबवा, बॅगेच्या प्लेटांवर नाही. वर जातानाही मर्यादा हवी: शॉक पूर्ण लांबण्याआधी किंवा बॉल जॉइंट अडकण्याआधी काहीतरी थांबवणारं पाहिजे.

मागची बाजू: चार लिंक

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पाटे काढले की रेलच्या बाहेर चांगली मोकळी जागा मिळते, रुंद टायर बसतात. पण ॲक्सल आता मोकळा लोंबकळतो आहे. त्याला पुढे-मागे धरायला आणि पिळ पडू न द्यायला चार लिंक लागतात: दोन खाली, दोन वर.

आडवं सरकणं थांबवायला दोन मार्ग. पहिला, चारही लिंक समांतर आणि एक आडवा पॅनहार्ड बार. दुसरा, वरच्या दोन लिंक त्रिकोणात, म्हणजे ॲक्सलजवळ एकत्र आणि चासीजवळ लांब. पॅनहार्ड बार एका टोकाभोवती गोल फिरतो, म्हणून ॲक्सल वर-खाली होताना बाजूला सरकतो. बार ३६ इंच लांब असेल आणि ॲक्सल आडव्या स्थितीपासून ५ इंच उचलला तर सरकणं ०.३५ इंच, २० इंचाच्या आखूड बारने तेच ०.६४ इंच होतं. एअर सस्पेन्शनमध्ये चाकाचा प्रवास मोठा असतो, म्हणून मी त्रिकोणी मांडणी निवडतो. वरच्या दोन लिंकमधला एकूण कोन किमान ४० अंश ठेवा. फरशी कापायचीच नसेल आणि वर जागाच नसेल, तर लांबात लांब पॅनहार्ड, आणि चालण्याच्या उंचीवर तो आडवा.

लिंकसाठी दीड इंच बाहेरच्या व्यासाची, ३/१६ इंच जाडीची डीओएम (साच्यावर ओढलेली पोलादी) नळी घ्या. एका टोकाला बूश (सांध्यातलं मऊ कडं), दुसऱ्या टोकाला आट्यांचा ॲडजस्टर. रस्त्यावरच्या गाडीला सगळीकडे लोखंडी रॉड एंड (मऊ बूश नसलेले सांधे) लावले तर प्रत्येक खड्डा सीटवर ऐकू येतो. रबर किंवा युरेथेनचे बूश बरे. कंस १/४ इंचाचे, बोल्ट ग्रेड ८ (जास्त ताकदीचे), आणि प्रत्येक बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला. एका बाजूने लोंबणारा बोल्ट ॲक्सलच्या कामात नको.

कंस वेल्ड करण्याआधी पिनियनचा, म्हणजे ॲक्सलला शाफ्ट जिथे जोडतो त्या टोकाचा, कोन बसवा. चालण्याच्या उंचीवर गिअरबॉक्सचं मागचं टोक ३ अंश खाली पाहत असेल तर पिनियन तितकाच वर पाहिला पाहिजे. प्रत्येक यू-जॉइंटचा (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा) कोन तीन अंशांच्या आत राहिला तर थरथर येत नाही. ॲक्सल चौकोनात आहे का ते ओळंब्याने तपासा: चासीवरच्या दोन सारख्या भोकांपासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचे कर्ण जमिनीवर खडूने उतरवा, दोन्ही सारखे यायला हवेत. मग फक्त टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारा.

ॲक्सल वर येताना रेलवर आदळतो. त्यासाठी रेलच्या तळातून अर्धगोल कापून वर तशीच प्लेट बसवायची. कापण्याआधी दोन्ही रेलच्या मधे तात्पुरती आडवी नळी टाक्यांनी लावा, आणि एका वेळी एकच बाजू कापा. नाहीतर चासी स्वतःच्या वजनाने वाकते. नव्या प्लेटची टोकं तिरकी, निमुळती कापा. रेलवर आडवा सरळ वेल्ड मारला तर काही वर्षांनी तडा नेमका त्याच रेषेत जातो.

बॅगा ॲक्सलवर, रेलच्या आतल्या बाजूला, वर नवा क्रॉसमेंबर घालून. आत घेतल्यामुळे वळणावर गाडी जास्त कलते. मागे अँटी-रोल बार (कल रोखणारा आडवा दांडा) लावा.

वेल्डिंग

बॅटरी आणि जनरेटरच्या तारा सोडा. पेट्रोल टाकी आणि ब्रेकच्या मागच्या नळ्या गाडीतून बाहेर. बॅगा तर अजून खोक्यातच असल्या पाहिजेत. गंज, रंग, अंडरकोटिंग घासून चकाकतं लोखंड दिसेपर्यंत साफ करा. मिग मशीनवर ईआर७०एस-६ वायर आणि ७५ टक्के आर्गॉन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. ॲक्सल हाउसिंगवर एकसलग लांब वेल्ड ओढू नका. इंच-इंच, बाजू बदलत, मधे थंड होऊ देत. नाहीतर हाउसिंग वाकते आणि बेअरिंग खाते. चासीवर वेल्ड करण्याचा अनुभव नसेल तर टाक्यांपर्यंत स्वतः करा आणि शेवटचे वेल्ड परवानाधारक वेल्डरकडून करून घ्या. यात कमीपणा काही नाही, तुमच्यामागे बसलेल्यांचा जीव यावर असतो.

बॅगेशिवाय पूर्ण प्रवास

पूर्ण वेल्ड मारण्याआधी, फक्त टाक्यांवर, ही पायरी. बॅगा नाहीत, चाकं लावलेली, आर्म आणि ॲक्सल जॅकवर. एकेक चाक तळापासून वरच्या टोकापर्यंत न्या, अर्ध्या इंचाच्या पायऱ्यांनी. प्रत्येक पायरीला पुढची चाकं दोन्ही टोकांपर्यंत वळवा.

पाहायचं काय? टायर फेंडरच्या कडेला लागतो का. टाय रॉड (चाक वळवणारा स्टिअरिंगचा दांडा) चासीला टेकतो का. खाली बसलेल्या गाडीत सगळ्यात आधी हाच टेकतो. ब्रेकचा रबरी होस ताणला जातो का, मुरगळतो का. यू-जॉइंट कुठे अडतो का. प्रोपेलर शाफ्टचा स्लिप योक (आत-बाहेर सरकणारं टोक) गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत शिरला तरी पाऊण इंच तरी खेळ उरतो का. शाफ्ट बोगद्याच्या छताला लागतो का. एक्झॉस्ट कुठून जाणार, त्याची उष्णता बॅगेवर किंवा नळीवर पडणार का. मग एक चाक पूर्ण वर आणि समोरचं पूर्ण खाली, असं तिरकं करून पाहा. आडव्या रस्त्याने डिव्हायडरवर चढताना नेमकं हेच होतं.

पुढच्या चाकाचा ‘टो’, म्हणजे ते सरळ रेषेपासून आत किंवा बाहेर किती वळलेलं आहे ते माप, प्रत्येक पायरीला कागदावर लिहा. चालण्याच्या उंचीच्या वर-खाली दोन इंचांत टो फार बदलत असेल तर खड्ड्यावर गाडी स्वतःहून वळेल. टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाची उंची बदलून ते बरंच कमी करता येतं. हे मान्य झाल्यावरच पूर्ण वेल्ड, मग प्रायमर आणि रंग.

हवा

ट्रंकमध्ये पाच गॅलनची टाकी, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर रबरी पायांवर. टाकीवर सुरक्षा व्हॉल्व्ह हवाच, तळाशी पाणी काढायची तोटी, कॉम्प्रेसर आणि टाकीच्या मधे उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह आणि ओलावा अडवणारा फिल्टर. तुमच्या बॅगांना ८५ पीएसआय पुरतात, तर ११० ला चालू आणि १४५ ला बंद होणारा प्रेशर स्विच पुष्कळ झाला. कॉम्प्रेसर वीसेक अँपिअर ओढतो. जाड तार, रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज. जुन्या गाडीचा जनरेटर हा भार झेपवत नाही, अल्टरनेटर बसवा.

चारही बॅगांना वेगळी नळी आणि वेगळे व्हॉल्व्ह. डावी-उजवी बॅग एका टीवर जोडली तर वळताना बाहेरच्या बॅगेतली हवा आतल्या बॅगेत पळते आणि गाडी आणखी कलते. रस्त्यावरच्या गाडीला १/४ इंच नळी घ्या; हळू उठते, पण उंची नेमकी बसवता येते. नळी डीओटी (अमेरिकी वाहतूक खातं) मान्यतेची, आणि कटरने काटकोनात कापलेली. कात्रीने तिरकी कापलेली नळी जोडात गळतेच. आट्यांवर टेप नको, द्रव सीलंट लावा, टेपचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. चासीतून नळी जाते तिथे रबरी ग्रॉमेट.

प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. मग चालण्याच्या उंचीवर गाडी रात्रभर उभी ठेवा, फेंडरची उंची आधी आणि नंतर मोजा. एक कोपरा खाली आला तर तोच शोधा, अंदाजाने सगळे जोड घट्ट करत बसू नका.

आणि एक गोष्ट कायमची: हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, दोन मिनिटांसाठीही नाही. व्हॉल्व्ह कधी उघडेल सांगता येत नाही. आधी चासीखाली घोड्या, मग माणूस.

रस्त्यावर

रबरी बूशचे बोल्ट गाडी चालण्याच्या उंचीवर असतानाच शेवटचे आवळा, नाहीतर बूश कायम पिळलेले राहून फाटतात. अलाइनमेंटही त्याच उंचीवर, आणि चारही बॅगांचे त्यावेळचे दाब डॅशबोर्डजवळ लिहून ठेवा. पहिल्या शंभर मैलांनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. हवा काढलेल्या गाडीला एक फूटही ढकलू नका, चिमटलेली बॅग घडीवर कापली जाते.

ट्रंकमध्ये थोडी नळी, दोन सरळ जोड, कटर ठेवा. प्रत्येक बॅगेच्या नळीत सायकलच्या ट्यूबसारखा भरण्याचा व्हॉल्व्ह घातला असेल तर कॉम्प्रेसर बंद पडला तरी पेट्रोल पंपावर हवा भरून घरी येता येतं. मिशिगन, इलिनॉय अशा थंड राज्यांत राहत असाल तर हिवाळ्यात दर आठवड्याला टाकीच्या तळाची तोटी उघडून पाणी काढा. गोठलेलं पाणी व्हॉल्व्ह अर्धवट उघडाच ठेवतं, आणि सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली सापडते.